अकोल्याच्या तारेवरचं नाव

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या... पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय.

१९५८ चा मे महिना. मूर्तिजापूर स्टेशन. टळटळीत दुपार.

खुशालमामा तिथे तारबाबू होते. सत्यवतीमामी अकोल्याच्या दवाखान्यात अडल्या होत्या. बाळ येत नव्हतं. आणि मामांना जागा सोडता येत नव्हती. बदली माणूस संध्याकाळी येणार होता.

त्यातच तिकडे वादळ झालं आणि अकोल्याची तार तुटली. तारेचं यंत्र मुकं पडलं. तरी मामा त्याच्यासमोरून उठेनात.

आणि अचानक... कट्ट.

तुटलेल्या तारेवर यंत्र वाजायला लागलं.

प्रत्येक तारबाबूचा हात वेगळा असतो, नुसत्या ठोक्यांवरून ओळखू येतो. हा हात अकोल्याच्या मोतीरामबाबूंचा होता. शेवटचा ठोका ओढून वाजवणारा.

मोतीरामबाबूंना मामांनी गेल्या दिवाळीत खांदा दिला होता.

शब्द येत गेले... सत्यवती वारली.

मामांनी ठोके पाठवायची चावी धरली. तार पाठवताना चुकलं, तर तारबाबू सलग टिंबं, म्हणजे आखूड ठोके, वाजवतो. म्हणजे मागचा शब्द खोडा. पण खोडायचा तो आपलाच शब्द. दुसऱ्याचा खोडता येत नाही, हे मामांना ठाऊक होतं.

तरी ते टिंबं वाजवत सुटले. बोटं दुखेपर्यंत.

मग पलीकडून आलं... खोडलं. आता कोणाचं नाव लिहू?

मामांनी स्वतःचं नाव पाठवलं.

पलीकडून टिंबं आली. ते नाव खोडलं गेलं.

मग सावकाश, एकेक अक्षर... तानुबाई.

अशा कोणाला मामा ओळखत नव्हते.

यंत्र थांबलं. कोणीतरी वाट पाहत असावं, तसं.

मामांची बोटं अजून चावीवर होती. पुन्हा टिंबं वाजवली असती, तर हेही नाव खोडलं गेलं असतं...

त्यांनी हात काढून घेतला.

संध्याकाळच्या गाडीनं ते अकोल्याला पोचले. मामी जिवंत होत्या. कुशीत मुलगी. नर्स म्हणाली, दुपारी बाईंचा श्वास थांबला होता, मग आपोआप सुरू झाला.

शेजारची खाट रिकामी होती. खाली एक म्हातारे गृहस्थ, नत्थुजी, बसले होते. त्यांची बायको साध्या तापासाठी आली होती.

"सकायी चांगली बोलत होती माही तानुबाई," ते म्हणाले. "दुपारी एकाएकी गेली. काहून गेली, डॉक्टरले बी समजलं नाही."

मग त्यांनी मामींच्या खाटेकडे पाहिलं.

"तुमची बाई वाचली ना? लय बरं झालं, बाबू."

मामांना त्यांच्याकडे बघवेना.

तार दुसऱ्या दिवशी जोडली गेली. मोतीरामबाबूंचा हात मामांना पुन्हा कधी ऐकू आला नाही.

पण मी विचार करतो, त्या जागी मी असतो तर... आणि तिथेच थांबतो. पुढचा विचार करायचीच भीती वाटते.