जागी न होणारी चिप

लॅपटॉप सुरू होता, स्क्रीन लख्ख दिसत होती, तरी वायफाय काही केल्या सापडत नव्हतं. चांद्रवस्तीच्या दवाखान्यात शलाका काचेपुढच्या बाकावर रडवेली होऊन बसली होती.

काचेपलीकडे तिचे आजोबा होते. आयुष्यभर त्यांनी चंद्रावर रेडिओ-दुर्बिणी उभारल्या. तिथली बारीक धूळ त्यांच्या छातीत जाऊन बसली. आता त्यांच्याशी काचेतल्या भोंग्यातून थोडा वेळ बोलता येई, मग यंत्रमानव परिचारक पडदा ओढी. एकटे पडले की आजोबांना धाप लागे. कुणाचा आवाज कानावर असला की धाप कमी होई.

पडद्यानंतरही त्यांच्या खाटेजवळच्या संगणकावर कॉल करून बोलता यावं म्हणून शलाकानं त्यांच्याच जुन्या, रखडणाऱ्या लॅपटॉपवर लिनक्स (कुणालाही फुकट वापरता येणारी संगणकप्रणाली) बसवलं. आधीचं सगळं पुसलं आणि वायफाय गेलं. वस्तीत मोबाईल चालत नसत.

"मीच बिघडवलं," ती म्हणाली.

"रड नंतर. आधी बघ," आजोबा खोकत म्हणाले.

वायफायचं बटण बंद आहे का, त्यांनी विचारलं. नव्हतं. शेजारच्या बाकावरच्या बाईंना दवाखान्याचं वायफाय मिळत होतं. मग त्यांनी तिला एक आज्ञा टाइप करायला लावली. स्क्रीनवर वायफाय चिपचं नाव उमटलं.

"म्हणजे चिप धडधाकट आहे. पण तिच्या काही लक्षात राहत नाही गं. लॅपटॉप सुरू झाला की दर वेळी तिला फर्मवेअर (चिपनं काय करायचं, त्या सूचनांची फाईल) द्यावं लागतं. जुन्या प्रणालीत ते होतं. चिप बनवणाऱ्यांची परवानगी नसली, तर नव्या प्रणालीबरोबर येत नाही. मग ते वेगळं..."

परिचारकानं पडदा ओढला.

वेगळं आणायचं, पण कुठून? नेटवरून. आणि नेट? ते फाईल आल्यावर. शलाका त्याच गोल फेऱ्यात अडकली. पडद्यामागून खोकला ऐकू येत होता.

मग तिला वाटलं, फाईल हवेतूनच यायला हवी असं थोडंच आहे? वस्तीच्या वाचनालयातला संगणक तारेनं नेटला जोडलेला होता. त्यावरून कॉल करायला बंदी होती, फाईल उतरवायला नव्हती. ती धावत गेली. चिपच्या नावाची फाईल शोधून पेन ड्राइव्हवर घेतली, तो खिशात टाकला, परत येऊन लॅपटॉपमध्ये फर्मवेअरच्या जागी ठेवली आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला.

स्क्रीनवर वायफायची नावं उमटली.

तिनं आजोबांना कॉल लावला. आधी नुसती घरघर ऐकू आली.

"आजोबा, मी आहे."

आजोबांनी दम घेतला. मग, "फाईल कशी आणलीस?"

"खिशातून."

ते धापेतच हसले. काचेतल्या भोंग्यातून आवाज कसा पोचतो, तिनं विचारलं.

"उद्या सांगतो. आज तू बोल."

शलाका बोलत राहिली. पलीकडचा श्वास अजून जड होता, पण हळूहळू संथ होत होता.