मांडीखालचा एक्का

माझ्या आजोबांना, म्हणजे आबांना, पक्षाघाताचा झटका येऊन सहा महिने झाले होते. हात सुधारला, बोलणं सुधारलं, पण आठवण मात्र महिन्यागणिक कमीच होत होती. झटका तर एकदाच आला, मग हे कसं? मला काही कोडं सुटेना. त्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. आखाजीला आमच्या खानदेशात पत्ते खेळतातच. यंदा जमलं नाही तर पुन्हा पत्त्यांना हात लावणार नाही, असं आबांनी जाहीर केलं होतं.

मदतीला दवाखान्याने दिलेला टिल्लू होता, म्हणजे यंत्रमानव. आबांनी "चष्मा" म्हणायच्या आत हा चष्मा त्यांच्या नाकावर चढवून मोकळा. रविवारी मित्रांशी पत्ते खेळताना कुठलं पान टाकायचं तेही कानात सांगायचा.

मेंदूवर संशोधन करणारी वत्सलाआत्या उडत्या एसटीने आली, तरी दोन तास उशिराच. टिल्लूचे उद्योग बघून तिने कपाळाला हात लावला. मग तिने मला समजावलं. मेंदूतल्या पेशी चेतासंधींमधून (दोन पेशींमधली निरोप देण्याची जागा) एकमेकींशी बोलतात. झटक्यात रक्त अडलं आणि काही पेशी मेल्या. त्यांचे निरोप थांबले, म्हणून दूरच्या धडधाकट पेशींच्या चेतासंधीही पुढे कित्येक महिने गळू शकतात. गेलेलं सगळं परत येत नाही. पण वापर राहिला तर उरलेल्या टिकायला मदत होते, काही नव्याही जुळतात. पायवाटेवर कुणी चाललंच नाही, तर तिथे गवत उगवणारच.

"म्हणजे आबांच्या वाटेवर त्यांच्याऐवजी मीच चालत होतो?" टिल्लूने विचारलं.

"आपण सगळेच," मी म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

त्या दिवसापासून आबा आठवायचे आणि आम्ही थांबायचो. उत्तरं गिळून टिल्लूचं डोकं इतकं तापायचं, की आईने एकदा त्यावर पापड भाजून घेतला.

आखाजीला समोर बसले चिंधूकाका. आबांचे बालमित्र आणि गावातले नावाजलेले लबाड. ते मांडीखाली पान दडवायचे आणि पन्नास वर्षं एकटे आबाच त्यांना पकडायचे.

दोन डाव आम्ही हरलो. तिसऱ्यात आबा मध्येच थांबले. बराच वेळ थांबले. मी टिल्लूच्या डोक्यावर ओला पंचा टाकला.

"किलवरची बारा पानं पडली," आबा सावकाश म्हणाले. "एक्का राहिला. मांडी उचल, चिंधू भो."

एक्का तिथेच होता. स्वतःची चोरी पकडली गेल्यावर इतका खूश झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. चिंधूकाकांनी उपरण्याने डोळे पुसले.

"सहा महिने दर रविवारी लपवतोय," ते म्हणाले. "तू कधी पकडतोस, याची वाट बघत होतो."

"पुढच्या आखाजीला जागा बदल," आबा म्हणाले, आणि पत्ते पिसायला घेतले.