सोबतचा रकाना

काम एवढंसं होतं. खिशातला एक कागद कफ परेडच्या कोळीवाड्यात नेऊन द्यायचा. तारीख सांगतो, नीट ऐका. तेरा फेब्रुवारी एकोणीसशे छप्पन, सोमवार. म्हणजे चार वर्षं झाली. तेव्हा महाराष्ट्र-बिहाराष्ट्र काही नव्हता. आता ज्या गॅलरीत तुम्ही रोषणाईच्या माळांखाली लोळताय, तिथं रात्री पोलिसांचे बूट वाजायचे.

रघु, पाय आत घे. आणि जगद्या, मधे मधे 'बुधाजीकाका, खरं का?' असं विचारायचं नाही. मी दीक्षा घेतलेला माणूस. भूतखेत मानत नाही. पण कागद मानतो.

तू टेकून बसलायस ना, ती सतरा नंबरची खोली जाईबाईची. तिचा मुलगा भिवा. माझ्याबरोबर गिरणीत बदलीवर होता, चव्वेचाळीस साली कराचीला गेला गोदीत हमालीला. तेव्हा कराची म्हणजे काय, इथं बोटीत बसायचं न् तिथं उतरायचं. तिकडंच लग्न केलं, आपल्यातल्याच पुतळाबाईशी. मुलगी झाली, दुर्गा. आणि मग मधे देश उभा राहिला. काम तिथं, बायको तिथं, हा राहिला. त्यांनी पासपोर्ट दिला, यानं घेतला. त्रेपन्न साली आई आजारी म्हणून तीन महिन्यांचा व्हिसा घेऊन आला. म्हातारी बरी होईना आणि मरेनाही. हा तिला टाकून जाईना. तीन महिन्यांची अडीच वर्षं झाली. याच चाळीत जन्मलेला माणूस, आणि कागदावर परदेशी, तोही मुदत संपल्यावर चोरून राहिलेला.

छप्पनच्या जानेवारीत गोळीबार झाला. चाळीत झडत्या सुरू झाल्या. पोलीस आले की भिवा पोटमाळ्यावर, गोधड्यांच्या मागं. खाली अख्खी चाळ ओरडतेय मुंबई आमची, आणि वर हा तोंडात बोळा कोंबून पडलेला. त्यातच म्हातारी गेली. तिला खांदा द्यायलासुद्धा तो खाली उतरला नाही. फळ्यांच्या फटीतून बघत होता. मी वर पाहिलं तर फटीत नुसता डोळा दिसला.

त्यानंतर त्याला एकच ध्यास. दुर्गाकडं जायचं. सोडून आला तेव्हा पोरगी सहाची, आता नवाची. प्रत्येक पत्रात तिचं एकच, बाबा कधी येणार. पण जायचं कसं? मुदत उलटलेल्याला बोटीत घेत नाहीत, आधी कचेरीची परवानगी लागते. आणि कचेरीची पायरी चढलो की तुरुंग, असं त्याच्या डोक्यात घट्ट बसलेलं. शेवटी अठरा नंबरच्या राजारामनं मनावर घेतलं. राजाराम फोर्टात कारकून, इंग्रजी फर्डं. म्हणाला, अर्ज तर करून बघू.

अर्ज त्यानं स्वतःच्या हातानं भरला. नाव, गाव, किती दिवस जास्त राहिला, का राहिला. अगदी खाली एक रकाना, सोबत कोण. राजारामनं लिहिलं, कोणी नाही. मी शेजारीच बसलो होतो. भिवा म्हणाला, "बरोबर लिहिलंत. एकटा आलो, एकटाच जाणार." चाळीत सरकारी लखोटा नको म्हणून पत्ता राजारामच्या ऑफिसचा दिला.

तो अर्ज परत आला शनिवारी, अकरा तारखेला, दुपारी एक वाजता. पाठीवर शिक्का. पंधरा दिवसांत देश सोडायला हरकत नाही. दंड नाही, तुरुंग नाही, काही नाही. राजारामनं तो वाचला, कोटाच्या खिशात घातला आणि दादरला साडूच्या घरी बारशाला गेला. रात्री तिथंच राहिला. रविवारीही राहिला. सोमवारी देऊ, तो काय पळून चाललाय, असं त्याच्या मनात.

आणि भिवा पळूनच चालला होता. शनिवारी सकाळी पुन्हा झडतीची कुणकुण लागली तसा तो कोळीवाड्यात जाऊन तुळशीदास नाखव्याला भेटला. नाखव्याची स्वतःची होडी. अंधार पडला की बाहेर उभ्या असलेल्या कच्छी गलबतावर सोडतो, ते पुढं कराचीला नेईल, असं ठरलं. निघताना भिवानं माझ्या हातात खोलीची किल्ली दिली. राजारामला विचारून जा, एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. आजही रात्री ते वाक्य माझ्या तोंडात येतं.

सोमवारी सकाळी राजाराम आला तर सतरा नंबरला कुलूप. मी सांगितलं. त्याचं तोंड पडलं. मग स्वतःचीच समजूत घातली, गलबत अजून निघालं नसेल, कागद नाखव्याला द्यावा, तो पोचवेल. ऑफिस सुटल्यावर चालत निघाला. कोळीवाड्यात पोचला तेव्हा आठ वाजून गेले होते. आता पुढचं जे आहे ते राजारामनं मला सांगितलेलं, दोनदा. दोन्ही वेळा शब्द न् शब्द तेच.

नाखव्याचं घर किनाऱ्याला अगदी लागून. दारापुढं बोंबील वाळत घालायच्या काठ्या. आत कंदील. नाखवा भिंतीशी बसलेला, त्याची बायको लक्ष्मी चुलीपाशी. पुढ्यात ताट वाढलेलं, हात कुणी लावलेला नाही.

"भिवाचा कागद आणलाय," राजाराम म्हणाला. "परवानगी मिळाली. आता चोरून जायचं कारण नाही. दिवसाढवळ्या बोटीनं जाईल."

नाखव्यानं कागदाकडं पाहिलं. वाचता येत नव्हतं त्याला. शिक्क्यावर बोट ठेवलं.

"कधी आला हा?"

"शनिवारी. दुपारी."

नाखव्यानं बोट काढून घेतलं. लक्ष्मी म्हणाली, "सांगा यांना. नायतर मी सांगते."

मग तो बोलला. "शनिवारी बाहेर पडलो न् पोलिसांच्या लाँचचा दिवा दिसला. याच्यासकट धरली असती तर होरी गेली असती माझी. पुढ्यात खडक होता. हा समोरचा, अर्ध्या मैलावर. सुकतीला उघडा पडतो. भरतीला त्याच्यावर दोन पुरुष पाणी. त्याला काय ठाऊक? म्हटलं, हा खडक सरकारच्या हद्दीबाहेरचा. इथं तुला कोण हात लावणार नाय. गलबत इथूनच उचलेल. उतरला. हात जोडले मला. म्हणाला, सुटलो नाखवा. अडीच वर्षांत आज पाठ सरळ करून उभा राहिलो."

"मग? परत आणायला गेलात ना?"

"घरी आलो. जेवायला बसलो."

लक्ष्मी म्हणाली, "वारा इकडचा होता. सगळं ऐकू येत होतं. ओरडत होता, नाखवा, घोट्यापर्यंत आलं. मग गुडघ्यापर्यंत आलं. मी म्हटलं, जा. हे म्हणाले, लाँच अजून फिरतेय, तू भात वाढ. कमरेपर्यंत आलं म्हणाला, तेव्हा यांनी कालवण मागितलं. पोहता येत नव्हतं त्याला. शेवटी शेवटी नाखव्याला हाक मारायचा थांबला. पोरीला हाका मारत होता."

राजाराम उठला. कागद हातातच. म्हणाला, मी जातो. लक्ष्मीनं त्याचा कोट धरला.

"थांबा. आता बाहेर नका पडू. कालपण याच वेळेला..."

नऊ वाजले असतील. कुत्री भुंकत होती, ती गप्प झाली.

लांबून आवाज आला. खडकाच्या बाजूनं.

"नाखवा... घोट्यापर्यंत आलं."

कुणी हललं नाही. राजारामनं आवाज ओळखला. भिवाचा आवाज. याच गॅलरीत अडीच वर्षं ऐकलेला.

बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. आता खडकावरून नाही. होड्या ओढून ठेवतात तिथून.

"गुडघ्यापर्यंत आलं."

नाखव्यानं कानांवर हात ठेवले. लक्ष्मी कंदिलाकडं बघत होती.

"कमरेपर्यंत..."

बोंबलाच्या काठ्या हलल्या. एक पडली. दुसरी पडली. वारा नव्हता.

"छातीपर्यंत..."

भिंतीपाशी. कुडाच्या पलीकडं, नाखव्याच्या पाठीमागं. नाखवा सरकत सरकत चुलीपर्यंत आला.

मग नुसता श्वास. पाण्यातून वर येऊन घेतात तसा. एकदा. परत एकदा. दाराशी...

दाराखालून पाणी आत आलं. थोडंसंच. राजारामच्या चपलेपर्यंत आलं आणि थांबलं.

"राजाराम."

राजारामनं पाय मागं ओढला.

"राजाराम... कागद आला का?"

राजाराम खाली बसला. कागद दाराच्या फटीला लावला. सरकवावाही लागला नाही, म्हणाला. पलीकडून ओढला गेला. हळूच, पोस्टमनच्या हातून घेतात तसा.

त्यानंतर काही नाही. रात्रभर तिघं तसेच बसून. पहाटे दार उघडलं तर बाहेर कागद नव्हता. वाळू कोरडी होती. नाखव्यानं महिन्याच्या आत होडी विकली.

इथं गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला सांगितलीही नसती. माणूस बुडाला, तिघांची मनं त्यांना खात होती, भास झाले. मीही राजारामला हेच सांगितलं. वर दोन शिव्या दिल्या. बारशाचे पेढे खात होतास तेव्हा तो पाण्यात उभा होता, असंसुद्धा म्हणालो. तो ऐकून घेत होता.

चोवीस तारखेला, शुक्रवारी, कराचीहून पाकीट आलं, राजारामच्या ऑफिसच्या पत्त्यावर. पुतळाबाईचं पत्र, शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं. वर तारीख पंधरा फेब्रुवारी, बुधवार. मी ते इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय.

'राजारामभाऊ, तुमचे उपकार फिटणार नाहीत. हे मंगळवारी पहाटे सुखरूप पोचले. कोणत्या बोटीनं आले ते सांगत नाहीत. बोलतच नाहीत फारसं. जेवत नाहीत. अंगावरचे कपडे दोनदा बदलले, पण ते ओले ते ओलेच. थंडी बाधली असेल. दुर्गाला मात्र क्षणभर सोडत नाहीत. ती फार आनंदात आहे. आज संध्याकाळी सुकती आहे, तिला समुद्र दाखवायला नेतो म्हणाले. सोबतचा कागद तुम्हाला परत पाठवा म्हणाले. त्याचं काम झालं.'

आणि आत तो अर्ज. सोमवारी रात्री कफ परेडला दाराखालून गेलेला. पाठीवर तोच शिक्का. कडांना मिठाचा पांढरा थर. राजारामनं खालचा रकाना बघितला आणि कागद माझ्या हातात दिला. 'कोणी नाही' यावर एक आडवी रेघ. पुढं राजारामच्याच अक्षरात, त्याच्याच वळणात लिहिलेलं... मुलगी एक.

मी म्हटलं, "तूच लिहिलंयस हे."

तो म्हणाला, "अक्षर माझंच आहे, बुधाजी. लिहिलं मी नाही."

त्याच दुपारी दोघांनी जाऊन तार केली. मुलीला समुद्रावर नेऊ देऊ नका. नऊ दिवस उशिरा. उत्तर आलं नाही. मग पत्र टाकलं, त्यालाही नाही. राजाराम खोली सोडून गेला तेव्हा कागद माझ्याकडं देऊन गेला.

ट्रंकेत आहे. जगद्या, उठू नकोस, रात्रीचा मी दाखवत नाही. दिवसा बघ. मात्र त्या दोन शब्दांवर बोट फिरवू नकोस. चार वर्षं झाली, शाई अजून ओली आहे.