भिंतीपलीकडची शिट्टी

डाळ शिजली, तर ठिणगीकडे टिकणार होतं बरंच काही. दोन खोल्यांचं स्वतःचं घर, दाराला स्वतःचं कुलूप, शिलाई मशीन खिडकीपाशी ठेवायची मोकळीक आणि ‘कुठे चाललीस, कधी येणार’ या प्रश्नांपासून कायमची सुट्टी. डाळ कच्ची राहिली, तर आत्याच्या घरची ती मागची अंधारी खोली. सौदा सरळ होता. आत्यानंच ठरवलेला.

ठिणगी हे नावही आत्याचंच. लहानपणापासून वाढवलेल्या भाचीचा स्वभाव तिनं एका शब्दात बांधून टाकला होता. गेल्या रविवारी आत्या जेवायला आली, पहिला घास घेतला, आणि दाढेखाली काहीतरी कटकन वाजलं.

“ठिणगे, ही डाळ आहे की वाळू?”

“आज जरा... राहिली.”

“आज? मागच्या खेपेलाही राहिली होती. वाळलीस किती बघ! पुढच्या रविवारी येते. डाळ शिजली तर राहा खुशाल एकटी. नाही तर बांध गाठोडं.”

महिनाभर ठिणगी चिडून चिडून अर्धी झाली होती. ती घरी पडदे शिवायची. कुकर चढवायचा, बाहेरच्या खोलीत मशीनवर बसायचं, आणि मशीनच्या खडखडाटातून कान देऊन शिट्ट्या मोठ्यानं मोजायच्या. चार झाल्या की उठून गॅस बंद. एवढं चोख करूनही डाळ कच्ची! तिनं गॅलरीत उभं राहून डाळवाल्याचा उद्धार केला. मग कुकरचा. रबर बदललं, डाळ भिजवून पाहिली, दुकानही बदललं.

बुधवारी तिनं मशीनला हात लावला नाही. कमरेला पदर खोचून ती कुकरसमोरच उभी राहिली.

शिट्टी झाली. खणखणीत.

आणि तिच्या कुकरची शिट्टी जागची हललीसुद्धा नव्हती.

ठिणगी भिंतीकडे बघत राहिली. मग हातातल्या पळीसकट तरातरा बाहेर पडली आणि शेजारचं दार बडवलं.

शेजारी पेटीवाला राहायचा. हार्मोनियम दुरुस्त करायचा, सूर लावून द्यायचा. जिन्यात दिसला तर मान हलवायचा, एवढीच ओळख. त्यानं दार उघडलं, तेव्हा त्याच्या एका हातात पितळेची बारीक पट्टी होती, आणि डोळे... डोळे पळीवर.

“तुम्ही कुकर लावता?”

“हो... जेवतो ना मी.”

“याच वेळेला?”

“भूक याच वेळेला लागते.”

“तुमच्या शिट्ट्या माझ्या मोजणीत येतात! दोन तुमच्या, दोन माझ्या, आणि माझी डाळ महिनाभर दगड!”

यावर माणसानं दचकावं. नवल करावं. पेटीवाल्यानं नुसती मान खाली घातली, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

ठिणगीला हिशोब पटकन कळायचा.

“तुम्हाला... माहीत होतं?”

“तुमची शिट्टी वरच्या सुरात लागते. माझी जरा बसकी. माझी झाली तरी तुम्ही ‘तीन!’ म्हणून ओरडायचात, त्यामुळे—”

“आणि तुम्ही गप्प बसलात?”

“सांगायला निघालो होतो पहिल्याच दिवशी. दार उघडलं, तर तुम्ही गॅलरीत डाळवाल्याला बोलत होता. काय ते एकेक शब्द! म्हटलं, उद्या सांगू. उद्या तुम्ही कुकरला बोललात... मग म्हटलं—”

“फुकटची करमणूक!”

“करमणूक नाही.” तो हळूच म्हणाला. “दिवसभर पेट्यांचे सूर ऐकतो मी. त्यात एवढं जिवंत काही ऐकायला मिळत नाही.”

दुसरी एखादी लाजली असती. ठिणगीनं पळी त्याच्या नाकासमोर धरली.

“तुमच्या त्या जिवंत गाण्यापायी मी रविवारी इथून जाणार आहे, कळलं? आत्या येईल, डाळ कच्ची निघेल, की संपलं!”

“जाणार? कुठे?” त्याच्या हातातली पट्टी खाली पडली. “कायमची?”

“तुम्हाला काय त्याचं?” म्हणून तिनं असं दार आपटलं की त्याच्या खोलीतली एक पेटी आपोआप घुमली.

रविवारपर्यंत तिचा राग उतरला नाही. उलट मुरला. मोहरी तडतडली तरी तिला तोच आठवे.

रविवारी आत्या आली. ठिणगीनं डाळ धुतली, हळद घातली, आणि रागारागात मीठही आताच टाकलं. कुकर चढवून ती पहाऱ्याला उभी राहिली, तर बाहेरून हाक आली, “तिथे काय कुकरला ओवाळतेयस? ये इकडे, बस माझ्यापाशी.”

आता सगळा भरवसा कानांवर. ती बसली, पण चित्त भिंतीला चिकटलेलं. एक शिट्टी... ही कुणाची? दुसरी... सूर वरचा की बसका? तिला कुठे कळत होतं! पण हळूहळू लक्षात आलं, पलीकडे अगदी सामसूम आहे. भांडं नाही, पळी नाही, गॅस पेटल्याचा आवाजही नाही. जेवायची वेळ झाली होती, आणि पेटीवाल्यानं चूलच पेटवली नव्हती. तिच्या मोजणीत खोट येऊ नये म्हणून.

चार झाल्या. ती उठली. लसूण तांबूस केला, जिरं, हिंग, लाल मिरची घातली. चर्रर आवाज झाला, घरभर वास पसरला, आणि भिंतीपलीकडे कुणीतरी जोरात शिंकलं. ठिणगीला हसू आलं. त्या हसण्याच्या भरात तिनं डाळीत मीठ घातलं.

आत्यानं घास घेतला. दाढेखाली नीट घोळवून पाहिला.

“शिजलीय. लोण्यासारखी.” मग एक घोट पाणी. “मीठ दोनदा पडलंय.”

“आत्या, ते—”

“एकदा रागात पडतं. दुसऱ्यांदा राग गेल्यावर.” आत्यानं भिंतीकडे बोट केलं. “शिंकला तो कोण? उपाशी दिसतोय. बोलाव.”

“मी नाही बोलावणार!”

“मग मी बोलावते,” म्हणून आत्यानं भिंतीवर वाटी वाजवली.

पेटीवाला आला, खाली मान घालून बसला. पहिल्या घासालाच त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

“मीठ कसं आहे?” आत्यानं विचारलं.

“बेताचं.”

“पुन्हा गप्प बसताय!” ठिणगी कडाडली. “खारट आहे म्हणा की सरळ!”

“खारट आहे,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “आणि आणखी एक सांगायचं राहिलंय... उद्यापासून दोन्ही घरांत मिळून एकच कुकर लावला, तर?”

“म्हणजे मी रांधायचं, नि तुम्ही ऐकत बसायचं?”

“मी रांधेन. तुम्ही मोजा... मोठ्यानं.”

ठिणगीनं पुन्हा पळी उचलली. त्याच्या ताटात आणखी डाळ वाढली. तिच्या रागाची ओळख असलेल्या आत्याला उत्तर कळलं, आणि त्यालाही.

तर जमाखर्च असा. कुलूप ठिणगीचं ठिणगीकडेच राहिलं. आत्याला आपली भाची एकटी नाही, एवढी निश्चिंती मिळाली. बिचाऱ्या डाळवाल्यानं महिनाभर शिव्या खाल्ल्या, त्याची भरपाई कुणीच केली नाही. बाकी सगळी किंमत पेटीवाल्यानं मोजली: अख्खं पातेलं संपवलं, आणि दिवस मावळेपर्यंत तांब्यावर तांब्या पाणी पीत, हसत बसला.