दाराआडची किंचाळी

लिफ्टमध्ये माझ्या कागदी पिशवीतून कोबीचा गड्डा निसटला आणि घरंगळत तिच्या बुटाशी जाऊन थांबला.

"आजचं जेवण?" तिने विचारले.

"नाही... खून आहे," मी म्हणालो, आणि कानापर्यंत लाल झालो.

ती हसली. रेडिओवरच्या आमच्या भयनाट्यातले सारे आवाज मी करीत असे. सुरी कोबीत खुपसली, की श्रोत्यांना ती माणसात शिरल्यासारखी वाटे. त्या दिवशी मरणारी बाई हीच, हे मला अकराव्या मजल्यावरच्या स्टुडिओत कळले.

मर्ना लॅस्की. चार वर्षे साऱ्या न्यूयॉर्कने रोज दुपारी तिचा आवाज ऐकला होता. मग कुणीतरी संशयित साम्यवाद्यांची यादी छापली. तरुणपणी कुठल्याशा पत्रकावर केलेली तिची सही त्यांना सापडली होती. तिचे काम गेले. उरली ती फक्त किंचाळी; कारण कार्यक्रमाच्या शेवटी निवेदक नटांची नावे वाचतो, त्यांत किंचाळणारीचे नाव कधीच नसते. दिग्दर्शक हॅगर्टीने तिला गुपचूप घेतले होते. हीही वाट बंद झाली, तर तिचे आवाजावर जगणे संपल्यातच जमा होते.

दर गुरुवारी मी तिला मारू लागलो.

"आज कशानं मारणार, एल्मर?"

"कोबीनं."

"गेल्या गुरुवारी कलिंगड होतं! उतरलेच की मी तुमच्या मनातून."

"उलट..." पुढचे शब्द मला कधीच सापडत नसत.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, प्रक्षेपणाला पाच मिनिटे उरली असताना, काचेपलीकडच्या खोलीत साबण कंपनीचे क्रँडल येऊन बसले. कार्यक्रमाचा खर्च त्यांचा. मर्नाला काढून टाकणारेही तेच.

दार उघडण्या-मिटण्याच्या आवाजांसाठी माझ्या सामानात चौकटीत बसवलेले एक खरे दार होते, कडीकोयंड्यासकट. मर्ना नेमकी त्याच्यामागे भिजलेला कोट टांगीत होती.

हॅगर्टीचा चेहरा पांढरा पडला. "जागची हलू नकोस," तो पुटपुटला. "त्यानं तुला पाहिलं, तर आपण सगळेच घरी बसू. किंचाळी गेली खड्ड्यात!"

"मर्ना दाराआडूनच ओरडतील," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

प्रक्षेपणाचा लाल दिवा लागला. खुनाची वेळ आली, तसा कोबी घेऊन मीही तिच्याशेजारी सरकलो. दाराआड आम्ही दोघे... मध्ये वीतभर अंतर, ओल्या लोकरीचा वास. तिच्या गार बोटांनी माझी बाही घट्ट धरली. मी सुरी खुपसली.

मर्ना किंचाळली. त्या किंचाळीत अभिनय किती होता आणि भीती किती, ते मला आजही सांगता येणार नाही.

कार्यक्रम संपताच काचेपलीकडून क्रँडलचा आवाज आला. "वा! कोण ओरडली ती? आणा पाहू समोर."

हॅगर्टी जमिनीकडे पाहू लागला. माझ्या बाहीवरची बोटे सुटली. मर्ना बाहेर पडणार होती. मी तिच्याआधी बाहेर आलो.

"मी... मीच ओरडलो, साहेब."

"तू? पुन्हा ओरड पाहू."

उभ्या आयुष्यात मी कुणाला मोठ्याने हाकही मारली नव्हती. पण पाठीशी ती होती, आणि क्रँडल खुर्चीतून उठू लागले होते. मी डोळे मिटले आणि ओरडलो.

क्रँडलनी कान झाकले. "पुरे, पुरे! दाराआडच बरा आहेस तू."

त्यांची पावले दूर गेली. मागोमाग हॅगर्टी त्यांना पोचवायला गेला. लिफ्टचे दार लागेपर्यंत आम्ही श्वासही मोठा घेतला नाही.

"इतके घाबरलात... माझ्यासाठी?"

"अजून घाबरलोय. ते पुन्हा येतील. आणि मर्ना — मला आता तुम्हाला मारता यायचं नाही."

मी बंद माइकपुढे उभा राहिलो आणि निवेदकाच्या थाटात म्हणालो, "किंचाळीच्या भूमिकेत — मर्ना लॅस्की."

वर्षभरात त्या इमारतीत हे नाव कुणी असे पूर्ण, असे मोठ्याने घेतले नव्हते. तिने दाराला टेकून डोळे पुसले. मग वाकून, सुरी रुतलेला कोबी उचलला.

"आजचं जेवण?"

"हो," मी म्हणालो, आणि पुन्हा कानापर्यंत लाल झालो.