भट्टीवरची हाक

आमच्याकडे, दूर उत्तरेत, डांबर काढणं हे घाईचं काम नाही. पाइनची झाडं उभी असतानाच त्यांची साल सोलायची, काही वर्षं राळ सुटू द्यायची, मग तोडून खळग्यात रचायची, वर गवतासकट मातीची ढेकळं दाबून बसवायची आणि कडेनं आग लावायची. लाकूड पेटायला नको, नुसतं धुमसायला हवं. तसं झालं की तळाच्या लाकडी नळीतून डांबर पिपात उतरतं. वर जाळ फुटला तर सगळ्या वर्षांची राख. म्हणून एकजण सतत भट्टीवर फिरत मोगरीनं ठोकत असतो.

भट्टीवर कुणाला नावानं हाक मारायची नाही, अशीही रीत आहे. नुसतं 'ए' म्हणायचं. का, असं विचारलं की मामंजी म्हणायचे, "खाली ऐकणारं असतं." थट्टेखोर माणूस, मी हसायचे.

मामंजी गेल्या हिवाळ्यात वारले. यंदा भट्टीवर माझा नवरा तानेली एकटाच होता. मी त्याच्यासाठी बार्लीची भाकरी, ताक आणि खारवलेले मासे घेऊन गेले. रात्र झाली होती, पण आमच्या उन्हाळ्यात सूर्य मावळतो कुठे? जंगलात लख्ख उजेड होता. पक्षी मात्र गप्प होते, आणि धुराचा कडवट वास घशात बसत होता.

"उशीर केलास," तो वरूनच म्हणाला. "मासे पळून गेले होते की काय?"

तेवढ्यात ठोके आले. दोन हळू, एक जोरात. तानेलीची मोगरी तर त्याच्या खांद्यावर होती.

ती मामंजींची खूण. जागा घट्ट असली की ते तसं ठोकायचे, आणि तानेली बेधडक तिथं पाय टाकायचा.

"बाबा आहेत..." तो म्हणाला आणि आवाजाकडे निघाला.

मी खाली, नळीपाशी उभी होते. ठोके वरून येत नव्हते. नळीतून येत होते... आतून.

"ए, थांब..." त्यानं ऐकलंच नाही. पुन्हा ठोके.

"तानेली!"

तो रागानं वळला. तो जिथं पाय टाकणार होता तिथली ढेकळं खचली आणि जाळ वर आला. भुवया जळाल्या, जीव वाचला. आम्ही दोघांनी ओली माती लोटून भोक बुजवलं. मी नाव घेऊन रीत मोडली होती, पण त्यानं मला दोष दिला नाही. डांबरही चांगलं निघालं.

पिपं आता अंगणात आहेत, नावेची वाट बघत. परवा तानेली गोठ्यातून आला आणि म्हणाला, "हाक मारलीस?" मी भाकऱ्या थापत होते. मी मारली नव्हती. त्याला बजावून ठेवलं, यापुढे मी 'ए'च म्हणेन, नावानं कुणी बोलावलं तर जायचं नाही.

"पण आवाज तुझाच असतो," तो म्हणाला.

काल रात्री तो मीही ऐकला. माझाच आवाज, पिपांच्या बाजूनं, त्याला नावानं बोलावणारा. मी उठेपर्यंत तानेलीनं दाराची कडी काढली होती.