एक किलो आठशे

“एक किलो आठशे ग्रॅम. दहा ग्रॅम इकडेतिकडे चालतील, अकरा नाही.”

“बरं. साफ करून देऊ?”

“नको नको! जिवंत... पिसांसकट. अशा चार.”

पोल्ट्रीवाल्याने मान वर केली. लोक काखेत वर्तमानपत्र धरतात तशी त्याने एक पांढरी कोंबडी धरली होती. समोर एक मुलगी उभी होती – इस्त्रीचा शर्ट, गळ्यात मुद्दाम उलटं फिरवलेलं ओळखपत्र, हातात वही. फाटकापाशी सरकारी व्हॅन. नेहमीच्या पुरवठादाराने त्या सकाळी ऐन वेळी हात वर केले होते, म्हणून रस्त्यात जी पहिली पाटी दिसली तिथे तिने व्हॅन थांबवायला लावली होती.

“पाहुणे येणार आहेत?”

“नाही.”

“पाळायच्या आहेत?”

“तसंही नाही.”

“मग?”

“ते... सांगता येणार नाही.”

तो हसला. नुसत्या डोळ्यांनीच हसला, पण तिच्या हातातली वही सटकली आणि थेट कोंबड्यांच्या दाण्यात पडली. दोघं एकदमच उचलायला वाकले. डोक्याला डोकं आपटलं, काखेतली कोंबडी ओरडली, आणि काउंटरवर बसलेली त्याची आत्या म्हणाली, “गिऱ्हाईक जपून रे, फुटेल!”

तिला त्याच्यापाशी जे सांगता येत नव्हतं ते आपल्याला कळायला हरकत नाही. ती इंजिनिअर होती. लष्करी विमानांच्या पुढच्या काचा तिच्याकडे होत्या. विमान सुसाट जात असताना समोरून एखादा पक्षी आला तर तो पिसासारखा हलका राहत नाही, दगड होऊन आदळतो, आणि त्या काचेमागे वैमानिकाचं डोकं असतं. म्हणून काच विमानाला बसवण्याआधी तिच्यावर खरोखरचा पक्षी मारून बघतात. त्यासाठी एका लांबलचक शेडमध्ये हवेच्या दाबावर चालणारी तोफ होती. कोंबडीला आधी शांतपणे, तिला काही कळायच्या आत झोपवत आणि मगच नळीत ठेवत. त्या मुलीची आई अख्ख्या इमारतीत सांगत फिरे, “आमची लेक लढाऊ विमानं बनवते!” लेक सध्या कोंबड्या डागते, हे सांगून आईचा विरस करण्यात काय अर्थ?

पुढच्या मंगळवारी जुना पुरवठादार पुन्हा तयार झाला होता. पण ती म्हणाली, त्याचा काटा बरोबर नाही. काट्याची कुणी चौकशी केली नाही, हे नशीब.

मग दर मंगळवारी हे ठरूनच गेलं. चार कोंबड्या न्यायच्या, प्रयोगशाळेच्या काट्यावर जी अगदी बरोबर भरेल ती घ्यायची, उरलेल्या संध्याकाळी ड्रायव्हर परत सोडायचा. हे काम एकट्या ड्रायव्हरलाही जमलं असतं. पण ती स्वतः जाई, आणि जाताना केस दोनदा विंचरी.

तो जनावरांचा डॉक्टर होता. वडील गेल्यावर दवाखाना मिटून पोल्ट्रीत उतरला होता, आणि कोंबड्यांशी असा बोले की जणू त्या तपासून घ्यायला आल्यात. त्याचे अंदाज मात्र दर आठवड्याला नवे.

“सर्कस?”

“नाही.”

“सिनेमात घेता का त्यांना?”

“तुमच्या कोंबड्या दिसायला बऱ्या आहेत... पण नाही.”

“आत्या म्हणते, ठरावीक वार, ठरावीक वजन, तेही पिसांसकट – नक्की जादूटोणा.”

“आणि तुम्हाला काय वाटतं?”

“मला?” तो काट्यावरचा आकडा जरा जास्तच वेळ बघत राहिला. “मला वाटतं... चालू असेल तर चालू द्या. मंगळवार बरा जातो.”

एकदा चाचणी आटोपून ती ड्रायव्हरबरोबर संध्याकाळीही आली. का आली, तर उगाच. त्याने तिच्याकडे पाहिलं, जवळ आला, आणि कानामागे केसांत अडकलेलं एक पांढरं पीस अलगद काढलं. ती जागच्या जागी खिळली. वारा होता, भुशाचा वास होता, आणि त्याची बोटं कानाला लागली न लागली तेवढीच...

“हे आमच्या शेडमधलं,” तो पीस निरखत म्हणाला. “सरकारी व्हॅन, ठरलेलं वजन, तेही पिसांसकट... वाचलंय मी कुठेतरी. विमानाच्या काचेवर पक्षी आदळतो त्याची तालीम करता ना तुम्ही?”

ती छताकडे बघू लागली. “मी काही सांगितलेलं नाही.”

“नाही. तुमच्या भुवयांनी सांगितलं.”

“वाईट वाटलं?”

त्याने पीस खिशात ठेवलं. “या सगळ्या कुणाच्या तरी ताटातच जायच्या. त्यातल्या एखादीने कुणा वैमानिकाचं डोकं वाचवलं, तर तिचं सोनंच झालं.”

त्या संध्याकाळी ती प्रेमात पडली. म्हणजे तिला त्या संध्याकाळी कळलं. ड्रायव्हरला दीड महिना आधीच कळलं होतं.

आता खरी पंचाईत ऐका. दहा वर्षांची असल्यापासून तिला अंतराळात जाणाऱ्या वस्तू बनवायच्या होत्या. माणसं नेणाऱ्या यानाच्या खिडकीचं काम अंतराळ केंद्रात निघालं होतं आणि तिचा अर्ज मंजूरही झाला होता. फक्त हातातली काच एकदा पास झाली की तिची सुटका. केंद्र इथून रेल्वेने पुरता एक दिवस दूर. आणि यानाच्या खिडकीवर धुळीचे कण आदळतात, पक्षी नाही. तिथे कोंबड्या लागत नाहीत.

“पुढच्या मंगळवारी शेवटची चाचणी,” एकदा व्हॅनमध्ये चढता चढता ती म्हणाली. “ती झाली की... संपलंच. माझी बदली होईल.”

“अरे वा,” तो म्हणाला. मग पुन्हा “अरे वा” म्हणाला, आणि रिकामा पिंजरा व्हॅनऐवजी आत्याच्या पायावर ठेवला.

त्या शेवटच्या मंगळवारी त्याने कोंबड्या आधीच वजन करून ठेवल्या होत्या. प्रयोगशाळेत पहिली काट्यावर ठेवली: दोन किलो एकशेपन्नास. दुसरी: दोन किलो दोनशे. तिसरी तर चालताना धापा टाकत होती. एवढ्या महिन्यांत ज्याचा अंदाज पाच ग्रॅमनी चुकला नाही, तो माणूस एकदम साडेतीनशे-चारशे ग्रॅमनी चुकतो? चौथी मात्र बरोबर एक किलो आठशे भरली. तिच्या पायाला लाल दोरा बांधलेला होता.

ती त्या दोऱ्याकडे बराच वेळ बघत बसली. मग तिने आजूबाजूला पाहिलं, चौथी कोंबडी डब्याच्या पिशवीत घातली आणि अहवालात लिहिलं, ‘योग्य वजनाचा पक्षी उपलब्ध नाही. चाचणी पुढील मंगळवारी.’

पुढच्या मंगळवारीही तेच. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. चोराच्या मनात चांदणं. विभागप्रमुख नुसते खोकले तरी ती उठून उभी राहायची. घरी न्हाणीघरात लाल दोऱ्याच्या तीन कोंबड्या नांदत होत्या, आणि आंघोळीला जायचं तर आधी त्यांची समजूत घालावी लागे.

“तुझ्याकडे कुक्-कुक् काय वाजतंय गं?” आईने फोनवर विचारलं.

“नळ गळतोय, आई.”

“नळ असा गळतो?”

चौथ्या मंगळवारी विभागप्रमुख स्वतः येऊन काट्यापाशी उभे राहिले. निवृत्तीला आलेले, सगळे त्यांना पाठीमागे ‘आजोबा’ म्हणत. त्यांनी काट्यावर सगळ्यात लठ्ठ कोंबडी पाहिली; दोरावाली अजून पिंजऱ्यातच होती. दोन किलो तीनशे.

“हीच मारा.”

“सर, पण नियमात वजन—”

“आकाशातले पक्षी काय वजन करून येतात? फुटली काच तर फुटली. किती सोसते ते तरी कळेल.”

तोफ धडाडली. पिसं हळूहळू खाली बसली. मग सगळे काचेपाशी धावले. काचेवर ओरखडासुद्धा नव्हता. नियमाने मागितलं त्यापेक्षा अर्धा किलो जास्त तिने सहज सोसलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आजोबांनी तिच्या पाठीवर थाप मारली, आणि ती हसत हसत मनात म्हणाली, मेले! चाचणी लांबावी म्हणून त्याने कोंबड्या मका चारून फुगवल्या, आणि त्याच मक्याने काच पास करून टाकली.

दुपारी बदलीचं पत्र हातात पडलं. सोमवारी रुजू व्हायचं होतं.

“तुमच्या काट्याला तीन आठवडे काय झालं होतं, ते मी विचारणार नाही,” आजोबा पत्र देताना म्हणाले. “पण यानाच्या खिडकीपाशी असलं काही करू नका. तिथून परत यायला रस्ता नसतो.”

तीन दिवस तिने सामान बांधलं. बांधलं आणि सोडलं, सोडलं आणि बांधलं. कोंबड्या घ्यायच्या नाहीत तर पोल्ट्रीत जायचं कुठल्या तोंडाने? आणि न सांगता गेलं तर... तर जन्मभर दर मंगळवारी हेच आठवायचं. शनिवारी तिने तीन कोंबड्या एका खोक्यात भरल्या, टॅक्सी केली आणि थेट काउंटरवर खोकं ठेवलं. खोक्यावर छापलेलं होतं: सांभाळा, काच.

“काच कशाला आणलीस?” आत्याने विचारलं.

खोकं म्हणालं, “कुक्.”

तो मागच्या शेडमधून आला. त्याने झाकण उघडलं. तीन लाल दोरे बघून त्याचे कानही तितकेच लाल झाले.

“यांचं वजन बरोबर होतं,” ती म्हणाली.

“माहीत आहे. दोरा मीच बांधला होता. बाकीच्यांना मका चारत होतो, दिवसातून चार-चार वेळा... तुमची चाचणी पुढे जावी म्हणून. पण तुमचं काम अडलेलं मला चाललं नसतं. म्हणून दर वेळी एक बरोबर देत होतो.” तो थांबला. “पहिल्या तीन वेळा दोरावाली परत आली नाही. आणि तरी तुम्ही मंगळवारी पुन्हा यायचात. मला वाटलं, चाचण्या वाढल्या असतील, दोरा दिसलाच नसेल.”

“दिसला होता.”

“मग?”

“मी अहवालात खोटं लिहिलं. तीनदा! सात वर्षांत एका दशांश चिन्हाचं खोटं लिहिलं नव्हतं मी.” तिने खोक्याची कड घट्ट धरली. “पुढचा मंगळवार यावा म्हणून...”

त्याने एका कोंबडीचा दोरा नीट केला. मागे दोन हजार कोंबड्या एकदम बोलत होत्या.

“उद्या मी जातेय,” ती म्हणाली. “आणि मला जायचंच आहे. ते काम मी सोडणार नाही.”

“सोडायचं नाहीच. सोडलंत तर मीच रागावेन.” त्याने शेडकडे पाहिलं, मग आत्याकडे.

“माझ्याकडे काय बघतोस?” आत्या म्हणाली. “तू रांगत होतास तेव्हापासून मी ही पोल्ट्री बघतेय. महिनाभर फुकट मका वाटत सुटलेला माणूस धंद्यात हवाय कुणाला?”

तो तिच्याकडे वळला. “तुमच्या त्या गावात... लोक कुत्री-मांजरं पाळतात?”

“खूप.”

“आजारी पडतात?”

“सारखी.”

“मग दवाखाना चालेल म्हणायचा. शेडचं लावून देतो आणि दोन महिन्यांत येतो. येऊ?”

“ये,” ती म्हणाली, आणि इतक्या महिन्यांचं ‘तुम्ही’ एका अक्षरात गळून पडलं.

“तिथे तरी सांगशील का, दिवसभर काय करतेस ते?”

“नाही सांगता येणार.”

“मग मला सांगता येण्यासारखं काय आहे तुझ्याकडे?”

तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात टाकलं. “माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे गुप्त नाही.”

“कसलं गुप्त!” आत्याने खोक्याचं झाकण लावून घेतलं. “कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं होय? फाटकापाशी तुमचा तो ड्रायव्हर दर खेपेला मला विचारत होता, अजून किती मंगळवार लागतील म्हणून.”

ते दोघं तिचं ऐकत नव्हते. त्याने तिचा हात धरला होता, आणि तिच्या बोटांना दाण्याची पांढरी पूड लागत होती.